धागा: टॉवर, गावठाण आणि येऊरचा पायथा – स्वयंसेवी अग्निशमन पथकासाठी आधी काय घ्यावं?

ढोकाळीकर

ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या काही सोसायट्या आणि शेजारच्या गावठाणातली मंडळं मिळून स्वयंसेवी पथक उभं करत आहेत. आमच्या भागात तीन तऱ्हा आहेत. बावीस मजली टॉवर, बंब आत शिरत नाही अशा गल्ल्या, आणि येऊरच्या डोंगराची कड, जिथे फेब्रुवारीपासून मेपर्यंत वाळलेलं गवत पेटत असतं. अग्निशमन दल पोहोचेपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं सांभाळायची, एवढाच हेतू आहे. हाती आलेल्या कोटेशनांमध्ये श्वसनयंत्रं, चंदेरी फायर सूट, अगदी ड्रोनही आहे. निधी एकदाच जमणार. आधी काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये, हे जाणकारांनी सांगावं.

रायझर६३

पैसे खर्च करण्याआधी टॉवरमध्ये बसवलेली यंत्रणा चालू आहे का ते बघा. बावीस मजल्यांच्या इमारतीत पंप, रायझर (पाणी वर नेणारा उभा नळ), दर मजल्यावर होज जोडायचा लँडिंग व्हॉल्व्ह आणि होज रील असतेच. तुम्ही काहीही विकत घेतलंत तरी तेवढ्या ताकदीचं होणार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन द्यावा लागतो. फॉर्म फाइलला लागलेला असतो, पण पंप ऑटोवर आहे का हे कुणी बघितलेलं नसतं. पंपरूममध्ये पॅनेलचे सिलेक्टर स्विच बघा. जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो म्हणून वॉचमनने तो 'मॅन्युअल'वर टाकलेला सापडतो. जॉकी सारखा चालतो याचा अर्थ लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. ती शोधायची, स्विच फिरवायचा नाही. डिझेल पंप आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं चालवा. तो ऐनवेळी सुरू होत नाही तेव्हा बहुतेकदा बॅटरी उतरलेली असते.

आता प्रत्येक मजल्यावरचा डक्ट उघडा. ६३ मिलिमीटरचं फिमेल कपलिंग हातात घेऊन आत बोट फिरवा. रबरी वॉशर जागेवर आहे का? तो नसेल किंवा कडक होऊन तडकलेला असेल तर पाणी नोझलऐवजी कपलिंगमधूनच फवारतं. लँडिंग व्हॉल्व्हच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ओढायचे लग, म्हणजे छोट्या खुंट्या, असतात. इमारतीला रंग देताना त्यावर ऑइलपेंट बसतो आणि स्प्रिंग जाम होते. मग होज आत ढकलला तरी 'टक' असा आवाज येत नाही. तो आवाज आला आणि होज मागे ओढून बघितल्यावर सुटला नाही, तरच जोड बसला समजा. रंग खरवडून काढा, स्प्रिंग मोकळी करा. शंभरेक सुटे वॉशर घेऊन ठेवा. खर्च किरकोळ आहे, आणि माझ्या मते तुमच्या यादीतली पहिली वस्तू तीच असावी.

दाबाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. सर्वात वरच्या व्हॉल्व्हवर साडेतीन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळायला हवा. बावीस मजल्यांची उंची ७० मीटरच्या आसपास धरली तर त्यासाठी खाली पंपाशी साडेदहा किलो लागतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर नऊ-साडेनऊ किलो. २० मिलिमीटरच्या नोझलवर चार किलो दाब असला तरी मागे रेटा बसतो पंचवीसेक किलोचा. नऊ किलोला तो पन्नासच्या वर जातो. न शिकलेल्या दोघांच्या हातून ब्रँच (होजच्या टोकाचा नोझलवाला पाइप) सुटतो आणि पितळी तोंड वेडंवाकडं फिरून माणसाला लागतं. उपाय दोन. खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह किंवा ऑरिफिस प्लेट (बारीक भोकाची चकती) आहेत का ते एजन्सीला विचारा, आणि पथकाला शिकवा की व्हॉल्व्हचं चाक एकदम पूर्ण उघडायचं नाही. आधी अर्धा फेरा, होज भरू द्यायचा, ब्रँचवाल्याने हात वर केला की पुढचा फेरा.

पारसिक

वरील प्रतिसादाला अनुमोदन. एक भर घालतो. ६३चा पंधरा मीटर होज भरला की त्यात सत्तेचाळीस लिटर पाणी असतं, म्हणजे तेवढेच किलो. अरुंद जिन्यात भरलेला होज वळवता येत नाही. तो आधी पूर्ण उलगडून, वळणं मोकळी करून मगच पाणी सोडावं लागतं. होज रीलचं तसं नाही. तिची कडक रबरी नळी ३० मीटर असते, हवी तेवढी ओढा, पाणी येतं. नोझलनुसार मिनिटाला २५ ते ५० लिटर. एका खोलीतली सुरुवातीची आग एवढ्यात विझते आणि एक माणूस ती हाताळू शकतो. स्वयंसेवकांचं खरं हत्यार होज रील हेच. ६३चा होज बंबाचे जवान आले की त्यांना तयार मिळावा म्हणून.

आणि गेटजवळचा फायर सर्व्हिस इनलेट बघून घ्या. बंबाचं पाणी तिथूनच इमारतीच्या रायझरमध्ये चढतं. टोपण गेलेलं, आत बाटल्या कोंबलेल्या, समोर कुंड्या किंवा गाडी पार्क केलेली, हे चित्र दर दुसऱ्या सोसायटीत दिसतं. त्यासमोर पिवळी चौकट रंगवा आणि तिथे पार्किंग बंद करा.

ढोकाळीकर

फार उपयोगी माहिती. श्वसनयंत्राबद्दल काय मत? दोन सेट घ्यावेत असा समितीचा आग्रह आहे.

रायझर६३

घेऊ नका. कारण हिशेबात आहे. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की १८०० लिटर हवा होते. मिनिटाला ४० लिटर धरून कागदावर पंचेचाळीस मिनिटं लिहितात. जिना चढताना, दमलेल्या माणसाला साठ लिटर लागतात. शेवटचे ५० बार परत बाहेर येण्यासाठी राखून ठेवायचे, म्हणजे ३०० लिटर वजा. उरली पंचवीस मिनिटं, त्यात जाणं आणि येणं दोन्ही. आत कधीही एकटं जायचं नसतं, आणि आत गेलेल्या दोघांसाठी बाहेर आणखी दोघं यंत्र लावून तयार लागतात. म्हणजे दोन नव्हे, चार सेट. शिवाय दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, आणि सिलिंडर भरायला श्वसनयोग्य हवेचा कॉम्प्रेसर लागतो. टायरच्या दुकानातल्या हवेवर ते चालत नाही. वर्षभर सराव न करता कपाटात ठेवलेलं यंत्र माणसाला धुरात शिरायचा खोटा धीर देतं.

नियम एकच ठेवा. धूर कमरेच्या खाली आला की स्वयंसेवक बाहेर. मागचं दार बंद करून घ्यायचं, कारण बंद लाकडी दारसुद्धा धूर जिन्यात येण्यापासून बराच वेळ रोखतं. एन-९५ मास्क कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, हे प्रत्येकाच्या डोक्यात बसलं पाहिजे.

चंदेरी सूटही नको. अंगावर जाड सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, चामडी हातमोजे, चामडी बूट, हेल्मेट आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट पुरे. पॉलिस्टरची ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटते, तेव्हा पथकाचा टी-शर्ट शिवतानाही कापड सुतीच निवडा.

स्वाती_नि

भाजलेल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं. चिकटलेला कपडा ओढायचा नाही, भोवतीने कापायचा. मग स्वच्छ सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म सैल ठेवायची. लहान मुलांना फार वेळ थंड पाण्याखाली धरलं तर अंग गार पडतं, म्हणून भाजलेला भाग सोडून बाकी अंग ब्लँकेटमध्ये गुंडाळा.

नाकपुड्यांत काजळी, भुवया करपलेल्या, आवाज घोगरा झालेला, यातलं काहीही दिसलं तर माणूस चालत-बोलत असला तरी १०८ बोलवा. श्वासनलिका आतून सुजते आणि तासाभरात बंद होऊ शकते. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. ठाण्याहून कळवा-विटावामार्गे किंवा मुलुंड-ऐरोली पुलावरून कोणत्या वेळी कुठला रस्ता मोकळा असतो, हे पथकातल्या चालकांना आधीच माहीत हवं.

पेटीत हवं ते असं: क्लिंग फिल्मचे दोन रोल, मोठे सुती ड्रेसिंग, ट्रॉमा कात्री, सलाइनच्या बाटल्या, फॉइल ब्लँकेट, हातमोजे. स्ट्रेचर घ्यायचं तर चाकांचं घेऊ नका. जिन्यातून उतरवता येईल असं हँडलवाल्या कापडाचं घ्या, घडी करून डक्टशेजारी टांगता येतं.

कोपरखैरणेकर

गावठाणाबद्दल लिहितो. घणसोली, गोठिवली, कोपरखैरणे, ठाण्यातली जुनी गावं, सगळीकडे अडचण एकच. गल्ली दोन-अडीच मीटर, वर बाल्कन्या, कडेला दुचाक्या. तिथे पोर्टेबल पंप कामाला येतो. मिनिटाला २७५ लिटरचा पेट्रोल पंप दोन-तीन माणसं उचलू शकतात. त्याला १२ मिलिमीटरचं नोझल लावा. चार किलो दाबाला मिनिटाला १९० लिटरच्या आसपास पाणी आणि रेटा नऊ किलोचा, म्हणजे एका माणसाला पेलणारा. २० मिलिमीटरचं नोझल सव्वापाचशे लिटर मागतं, ते या पंपाला झेपतच नाही. होजही ६३चा नको, ३८चा घ्या. पंधरा मीटरला सतराच लिटर पाणी मावतं, गल्लीत वळतो.

पाणी कुठून? लोक टेंपोत हजार लिटरची टाकी ठेवायचं ठरवतात. छोटा हत्ती पाऊण टनाचा. पंप, होज आणि माणसं धरली तर पाचशे लिटरच्या वर नेऊ नये, आणि पाचशे लिटर या नोझलला अडीच मिनिटं पुरतात. म्हणून विहीर आणि तळं हाच खरा साठा. पथकाचा नकाशा काढायचा तर त्यावर आधी विहिरी, सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं आणि पंप ठेवायची सपाट जागा दाखवा. सक्शनने (पंपाने खालून ओढून) पाणी व्यवहारात सात मीटरपर्यंतच उचललं जातं. मे महिन्यात विहिरीची पातळी त्याखाली गेली की पंप नुसता ओरडत राहतो, पाणी येत नाही. उन्हाळ्यातली पातळी दोरी टाकून मोजून ठेवा.

पाणी उचलत नसेल तर पंपाला दोष देण्याआधी सक्शनचे जोड बघा. डिलिव्हरीच्या होजमधली गळती दिसते, सक्शनमधली दिसत नाही, कारण तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. वॉशरवर वाळूचा एक कण पुरतो. जोड ओला करून बसवा आणि पाना लावूनच घट्ट करा. गाळणी तळाशी गाळात टेकू देऊ नका. तरंगता स्ट्रेनर मिळतो, तो नसेल तर हवाबंद रिकामा डबा बांधून गाळणी अर्धा मीटर पाण्याखाली राहील अशी टांगा.

पेट्रोलची एक गोष्ट. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते ओलावा धरतं. महिनाभर कार्ब्युरेटरमध्ये राहिलं की जेट (इंधनाचं बारीक भोक) चोंदतं. दर सरावानंतर इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. खाडीचं पाणी वापरलंत तर त्याच दिवशी दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवून धुवा.

येऊरपायथा

डोंगरासाठी यापैकी काहीच कामाचं नाही. आधी एक स्पष्ट करतो: येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि वनरक्षक सोबत नसताना पथकाने आत जाऊ नये. वणवा दिसला की वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं. हंगाम सुरू व्हायच्या आत परिक्षेत्र कार्यालयात जाऊन नावं द्या आणि जाळरेषांच्या (आग अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांच्या) कामात हात लावा. सोसायट्यांच्या भिंतीलगतचं गवत कापून चार-पाच मीटरची पट्टी जानेवारीतच मोकळी केली तर निम्मं काम तिथेच झालं.

साहित्य साधं आहे. शेतीचा १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप, नोझल धारेवर. चढावर दहा लिटरच भरा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकले की पाणी पानांवरून ओघळत नाही, भिजवतं. झोडपायला ट्रकच्या मडफ्लॅपचा हातभर तुकडा पाच-सहा फुटी बांबूला नटबोल्टने बसवा. झोडपताना मात्र धोपटायचं नाही. उंच उचलून आपटलं की ठिणग्या मागच्या कोरड्या गवतात पडतात. ज्वाळेवर दाबायचं, क्षणभर धरायचं आणि जळलेल्या बाजूकडे ओढत आणायचं. लोखंडी दाताळी, कोयते, हेडलॅम्प, आणि माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी. फवारणीच्या पंपावर आधी कीटकनाशक वापरलेलं नसावं, नवाच घ्या.

जागा आणि वेळ यांवर जीव अवलंबून असतो. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वर उभं राहायचं नाही. मागून, जळून काळ्या झालेल्या बाजूने सुरुवात करून कडेकडेने पुढे सरकायचं. तो काळा पट्टाच पळायची जागा. दुपारनंतर खाडी-समुद्राकडचा वारा जोर धरतो, तेव्हा गवत कमरेपेक्षा उंच असेल तर हात लावू नका, जाळरेषेवर थांबा. पहाटे पाच ते नऊ ही कामाची वेळ. एक माणूस फक्त वारा आणि आगीच्या टोकांवर लक्ष ठेवायला, त्याच्या गळ्यात शिट्टी. तीन लांब शिट्ट्या झाल्या की विचारत बसायचं नाही, काळ्या पट्ट्यात यायचं. विझल्यावर बुंधे आणि पोकळ खोडं उलट्या हाताने चाचपा. आत धुमसणारं खोड संध्याकाळच्या वाऱ्याला पुन्हा पेटतं. आणि समोरून उलटी आग लावण्याचा प्रयोग स्वयंसेवकांनी कधीही करू नये.

ढोकाळीकर

आणि एक्स्टिंग्विशर? गॅस, ई-स्कूटर?

पारसिक

सहा किलोचा एबीसी (लाकूड-कापड, तेल आणि गॅसच्या आगींसाठीचा) पावडरवाला पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, हे आधी लोकांना दाखवा. बहुतेकांना तो मिनिटभर चालेल असं वाटतं. दोन-तीन मीटरवरून, ज्वाळेच्या बुडाशी. पावसाळ्यात पावडर खाली दबून बसते, महिन्यातून एकदा उलटा करून हलवा. दाबाचा काटा हिरव्यात असला तरी दबलेली पावडर बाहेर येत नाही. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांड्याला काटा नसतो, वजन करायचं. आतल्या गॅसचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं की भरायला पाठवा. मीटररूमसाठी सीओटू. रिफिलच्या नावाखाली नुसतं स्टिकर बदलून येतं, म्हणून पाठवण्याआधी आणि आल्यावर वजनकाट्यावर ठेवा.

गॅस: पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, छताशी साठतो. सिलिंडरचा जड, जमिनीलगत पसरतो आणि पायऱ्यांवरून खाली उतरतो. वास आला की बेल, पंखा, दिवा काहीच चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. पाइपच्या गॅसचा फ्लॅटबाहेरचा व्हॉल्व्ह नळीला आडवा केला की बंद. सिलिंडरच्या गळतीला १९०६. पेटलेल्या सिलिंडरची ज्वाळा रेग्युलेटर बंद करता येत नसेल तर विझवू नका. गॅस गळतच राहतो, खोली भरते आणि दुसऱ्या ठिणगीला स्फोट होतो. सिलिंडरवर पाणी मारून तो गार ठेवा आणि लोकांना हलवा.

ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीवर पावडर मारली की ज्वाळा दबते, पण आत एकेक सेल तापून पेटत जातो. वाळूने थंडावा मिळत नाही. लांबून, भरपूर पाणी, बराच वेळ. धूर विषारी असतो, तेव्हा बेसमेंटमध्ये शिरू नका. विझलेली गाडी तासांनीही पुन्हा पेटते, ती उघड्यावर, दुसऱ्या गाड्यांपासून दूर ठेवा. चार्जिंग पॉइंट जिन्याखाली किंवा मीटररूमशेजारी असतील तर ते आजच हलवा.

कोपरखैरणेकर

नवी मुंबईकरांसाठी एक जोड. आमच्याकडे टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा लागून आहे, ठाणे-बेलापूर रोडवर टँकर कलंडले की लोक मोबाइल काढून जवळ जातात. टँकरवरच्या फलकाचा चार आकडी क्रमांक लांबून वाचून १०१ला सांगा. १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. वारा जिकडून येतो तिकडे मागे हटा. पथकाने टँकरजवळ जायचंच नाही, त्यांचं काम दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवणं. त्यासाठी एक चांगली दुर्बीण घेऊन ठेवा.

रायझर६३

दुर्बिणीची सूचना उत्तम. संपर्काचं राहिलं. बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी लायसन्सशिवाय चालतात, पण बाजारात भलत्या फ्रिक्वेन्सीचेही विकतात, तेव्हा मंजुरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. प्रशिक्षणासाठी नागरी संरक्षण दल आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे 'आपदा मित्र' या स्वयंसेवक प्रशिक्षण योजनेबद्दल विचारा. सगळ्या सदस्यांचा गट अपघात विमा काढल्याशिवाय पहिला सराव करू नका.

१०१ला फोन करणाऱ्याने सांगायचं ते कागदावर छापून वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा: इमारतीचं नाव आणि जवळची खूण, कोणत्या गेटने यायचं, कितवा मजला, काय पेटलंय, कोणी अडकलंय का. समोरचा फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही. एक माणूस टॉर्च घेऊन गेटवर, दुसरा फायर लिफ्टची, पंपरूमची आणि गच्चीची किल्ली घेऊन त्याच्याच शेजारी. अधिकारी उतरले की कोण बाहेर आलं, कोण आलं नाही, गॅस आणि वीज कुठे बंद केली, एवढं सांगून सूत्रं त्यांच्याकडे द्यायची. त्यानंतर पथकाचं काम ते सांगतील ते.

ढोकाळीकर

समितीपुढे यादी अशी ठेवतो: वॉशर, लग आणि पॅनेलची दुरुस्ती आधी. मग सुती गणवेश, भाजल्याची पेटी, वॉकीटॉकी, विमा. त्यानंतर गावठाणासाठी पंप आणि ३८चे होज, डोंगरासाठी झोडपणी आणि फवारणी पंप. श्वसनयंत्रं आणि ड्रोन रद्द. सरावानंतर होज कुठे वाळवायचे? आमच्याकडे एवढी लांब जागा नाही.

पारसिक

जिन्याच्या मधल्या पोकळीत किंवा पोडियमच्या कठड्यावरून सोडा, पण उन्हात नाही, रबराचं अस्तर तडकतं. दोन्ही टोकं खाली ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळेल. पूर्ण कोरडा झाल्यावर मधोमध दुमडून गुंडाळा, आणि दर तीन महिन्यांनी घडी थोडी सरकवून पुन्हा गुंडाळा. होज फुटतो तो बहुतेकदा जुन्या घडीवरच.